वाटेतलं जंगल

फोंड्याच्या माणसाला मोले किती लांब असं विचारलं तर तो किलोमीटर सांगत नाही, वेळ सांगतो. "पाऊण तास. पुढे घाट चढला की झालंच बेळगाव." लग्नाचा बस्ता, हाडांचा डॉक्टर, मुलाचं कॉलेज, येताना कुंदा. कशासाठी ना कशासाठी आमची माणसं बेळगावला जात असतात आणि त्या प्रवासात मोले हे फक्त चेकपोस्टचं नाव असतं. गाडी थांबते, कुणीतरी चहा घेतं, माकडं बोनेटवर चढून बसतात, मग वळणं सुरू होतात आणि मागच्या सीटवरून प्लास्टिकच्या पिशव्या मागितल्या जातात. मीही लहानपणापासून अशीच गेले आहे. हे गोव्यातलं एकमेव राष्ट्रीय उद्यान आहे हे मला ठाऊक होतं, शाळेच्या पुस्तकात होतं, रस्त्याकडेच्या पाटीवरही होतं. पण मोल्याला जायचं असतं असं कधी वाटलं नाही. मोल्यावरून जायचं असतं.

गेल्या जानेवारीत सायकली घेऊन आम्ही तिथे राहायलाच गेलो. कल्पना माझ्या भाच्याची. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याच्या सायकलची किंमत त्याने त्याच्या आईला अजून खरी सांगितलेली नाही. तिसरे आमचे सर. सर म्हणजे मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या सकाळच्या सायकलवाल्यांतले सर्वांत वडीलधारे. त्यांच्या सायकलला गिअर नाहीत. चढ आला की ते उतरतात आणि चालू लागतात, आणि यात कमीपणा असा काही आहे हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

सामानावरून घरी दोन दिवस वाद झाला. भाच्याने प्रत्येक वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून तिचं वजन वहीत लिहिलं. तंबू, स्लीपिंग बॅगा, गॅसची लहान शेगडी, जादा ट्यूबा, पंप, पंक्चरचं सामान एवढं त्याला मंजूर होतं. माझी उकड्या तांदळाची पुरचुंडी, तोरांचं लोणचं आणि किसमूर करायला घेतलेली सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, नामंजूर. "मावशे, तिथे नूडल्स करू, दोन मिनिटांत होतात." मी पुरचुंडी माझ्या कॅरिअरला बांधली. पुढे काय झालं ते सांगतेच.

फोंडा सोडलं की थोड्याच वेळात खांडेपारची नदी लागते. गाडीतून पूल केव्हा आला आणि गेला ते कळत नाही. सायकलवर पुलाच्या अलीकडचा उतार आणि पलीकडचा चढ पायांना कळतो, म्हणून नदीही कळते. ही नदी वरून, दूधसागर धबधब्याकडून येते. फोंड्याच्या आणि पणजीच्या नळांना येणारं पाणी ओपा इथे हिच्यातूनच उचलतात. म्हणजे रेल्वेच्या खिडकीतून लोक ज्याचे फोटो काढतात तेच पाणी, पंप आणि फिल्टर ओलांडून, आमच्या बादलीत पडतं. मी आयुष्यभर हे पाणी प्यायले आणि त्याच्या उगमाकडे बघायची वेळ आली तेव्हा मला उलट्यांची गोळी घेऊन झोपायची सवय होती.

उसगाव-तिस्कपासून धारबांदोड्यापर्यंतचा रस्ता सायकलला फार सुखाचा नाही. हा खाणींचा मुलूख. 2012च्या आधी इथे खनिजाचे ट्रक एकामागून एक असे धावायचे की दुचाकीवरून ऑफिसला जाणारी माणसं तांबडी होऊन पोचायची. मग खाणी थांबल्या, सुरू झाल्या, 2018 मध्ये परत थांबल्या, आता लिलाव होऊन पुन्हा हलू लागल्या आहेत. रस्त्याकडेच्या झाडांच्या पानांवर तांबडी धूळ किती आहे त्यावरून सर सांगतात की सरकारचं सध्या काय चाललंय. पुढे संजीवनी साखर कारखाना, गोव्यातला एकुलता एक, तोही काही वर्षं बंद. त्याच्या फाटकासमोर आम्ही केळी खाल्ली. इथून पुढे मात्र हवा बदलते. उन्हात चालवतानाही मधूनच एखाद्या वळणावर गार झुळूक अंगावर येते, आणि डावीउजवीकडे पाहावं तर तिथे ओहोळ असतो. ओहोळ दिसायच्या आधी अंगाला लागतो, हे मला गाडीच्या काचेआडून कधी कळलं नसतं.

मोल्याचं जंगल 1969 मध्ये अभयारण्य झालं, 1978 मध्ये त्यातल्या 107 चौरस किलोमीटरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दोन्ही मिळून भगवान महावीर अभयारण्य, सुमारे 240 चौरस किलोमीटर. त्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही आणि येऊही नये. वनखातं सांगेल तिथे, सांगेल तेव्हा, पास घेऊन चालायचं. उद्यानात "कॅम्पिंग" केल्याचे फोटो टाकणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर बाहेरच्या कुणाच्या तरी बागेत झोपलेले असतात. आम्हीही तसेच. सरांचा एक जुना विद्यार्थी मोले-सुर्ला रस्त्याच्या आत कुळागर सांभाळतो. त्याच्या कुळागराच्या शेवटच्या पोफळीनंतर वनखात्याचा दगड आहे, आणि दगडानंतर जंगल.

कुळागर ही गोष्ट गोव्याबाहेरच्यांना सांगायची तर जरा वेळ द्यावा लागतो. डोंगराच्या कुशीत, बारमाही पाण्याच्या आधाराने, पोफळी, माड, पोफळींवर चढवलेल्या मिरीच्या वेली, मध्ये केळी, एखादं जायफळ, कडेला फणस आणि अननस. वरच्या झऱ्याचं पाणी पाटाने फिरवलेलं. उंचच्या झाडाने मधल्याला सावली द्यायची, मधल्याने खालच्याला, हा हिशेब जंगलाकडूनच उचललेला आहे. म्हणून कडेचा तो दगड नसता तर बाग कुठे संपली आणि रान कुठे सुरू झालं हे माझ्यासारखीला सांगता आलं नसतं. जनावरांना तर दगड वाचताच येत नाही.

जानेवारी म्हणजे सुपारीचे दिवस. मांगराच्या, म्हणजे बागेतल्या घराच्या, पुढ्यातल्या सारवलेल्या खळ्यात सुपारी वाळत होती. तिच्या बाजूला आम्हाला तंबूसाठी जागा मिळाली. भाच्याने तंबू झटपट उभे केले आणि नूडल्सचं पाणी ठेवलं. तेवढ्यात शेगडीची टोपी घरीच राहिल्याचं लक्षात आलं आणि वारा ज्योत टिकू देईना. विद्यार्थ्याची आई मांगराच्या चुलीपाशी बसली होती. तिने माझी पुरचुंडी मागून घेतली, पेज टाकली, सुंगटं तव्यावर भाजली, खोबरं, कांदा आणि आमसूल घालून किसमूर कालवली. भाच्याने तीन वेळा पेज घेतली. वजनाचा विषय पुन्हा निघाला नाही.

जेवताना विद्यार्थ्याने गव्यांबद्दल सांगितलं. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. त्याच्यासाठी तो रोजचा शेजारी आहे, आणि शेजाऱ्यांमध्ये असतं तसंच प्रेम आहे. केळीची नवी लागवड एका रात्रीत गेली की ती कुणाकडे मागायची? नुकसानभरपाईचा अर्ज असतो, त्यावर पंचनामा असतो, पंचनाम्याला माणूस यावा लागतो. 2016 साली गोव्यात माकड, रानडुक्कर यांच्या बरोबरीने गव्यालाही उपद्रवी ठरवावं का अशी चर्चा निघाली होती. तेव्हा आम्ही फोंड्यात, शहरी सोफ्यावर बसून, राज्यप्राण्यालाच उपद्रवी म्हणता म्हणून हसलो होतो. खळ्यात बसून ते तेवढं हसण्यासारखं वाटलं नाही. तरी हा माणूस गव्याला मारा म्हणत नव्हता. त्याचं म्हणणं इतकंच की ज्याच्या घरात पाहुणा जेवतो त्याला कधीतरी कुणी विचारावं.

वाघाचा विषय त्याने स्वतःहून काढला. जानेवारी 2020 मध्ये सत्तरीत, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीला, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारलेले सापडले. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने गोव्यातल्या या अभयारण्यांचा व्याघ्र प्रकल्प करा असा आदेश दिला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. घाटावर कर्नाटकात काळी व्याघ्र प्रकल्प आहेच, भीमगड अभयारण्य आहे. वाघाला राज्याची हद्द लागत नाही, तो वरून खाली येतो, खालून वर जातो. "वाघ येऊ दे हो सर," विद्यार्थी म्हणाला, "तो पूर्वीही येत होता. वाघाच्या मागून कोण येतात त्यांची भीती आहे. उद्या मला म्हणतील, तू ऊठ इथून." सरांनी त्याला समजावायचा प्रयत्न केला नाही. मलाही सुचलं नाही. कायद्यात काय आहे हे वाचून सांगणं सोपं होतं, पण तो ज्याला भीत होता ते कायद्यात लिहिलेलं नसतं.

झोपायला जाताना त्याच्या आईने मला थांबवलं. "बाय, रातचें भायर सरतना बॅटरी मारून सर. गवो पळयना, धांवता." गवा बघत नाही, सरळ धावतो, म्हणून बॅटरी.

रात्री मी बराच वेळ जागी होते. जंगलाचे आवाज ऐकायचे म्हणून कान लावले तर आधी ऐकू आले ट्रक. महामार्ग बराच लांब, मध्ये टेकडी, तरी घाट चढताना खालच्या गिअरमध्ये कण्हणारं इंजिन स्पष्ट कळत होतं. मग कुळे स्टेशनच्या बाजूने मालगाडी. कुळ्याला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात, कारण घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंतचा चढ 37 मीटरला 1 मीटर असा आहे, जो रेल्वेच्या भाषेत जवळजवळ भिंतच. सगळी इंजिनं एकदम जोर लावतात तेव्हाचा आवाज कानांपेक्षा पाठीखालच्या जमिनीतून जास्त येतो. कधीतरी मध्यरात्रीनंतर दोन्ही थांबलं आणि मग बाकीचे बोलू लागले. रातव्याची ठोके दिल्यासारखी हाक. पोफळीच्या झावळ्यांचं घासणं. पाटातलं पाणी. दगडाच्या पलीकडे काहीतरी जड, घाई नसलेलं, पाचोळ्यातून चालत गेलं. मी बॅटरी मारली नाही, बाहेरही गेले नाही.

तांबडी सुर्ल्याचा रस्ता हा माझ्या मते गोव्यातला सायकलसाठी सर्वांत उत्तम रस्ता. वर्दळ नाही, चढ आहेत पण दम काढणारे नाहीत, आणि दोन्ही बाजूंनी ऐन, किंदळ, नाणा. ऐनाला इथे माट्टी म्हणतात. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. सरांनी दर थोड्या अंतरावर थांबून भाच्याला झाडं ओळखायला लावली. भाच्याचा सरासरी वेग घसरला आणि त्याने तो फोनमध्ये बघायचं सोडून दिलं.

तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या पाषाणाचं. आमच्याकडे बांधकाम म्हणजे जांभा. खाली सगळीकडे तांबडा चिरा असताना इथे हा बेसाल्ट आणला, म्हणजे घाटावरून उतरवला असं मानतात. मंडपाच्या छतात दगडी कमळ आहे, आणि आतल्या नंदीला डोकं नाही. पूर्वाभिमुख देऊळ, त्यामुळे सकाळी लवकर गेलं तर ऊन सरळ गाभाऱ्याकडे जातं. आम्ही गेलो तेव्हा पुजारी आणि पुरातत्त्व खात्याचा चौकीदार सोडून कुणी नव्हतं.

इतक्या आडरानात एवढं कोरीव देऊळ का बांधलं, असं प्रत्येक जण विचारतो. भाच्यानेही विचारलं. सरांनी त्याला समोरचा डोंगर दाखवला. आज ते आडरान आहे. कदंबांची राजधानी आधी चंद्रपूर, म्हणजे आजचं चांदर, मग गोपकपट्टण, दोन्ही पाण्याकाठची. बंदरात उतरलेला माल घाटावर जायला डोंगर ओलांडावा लागायचा, आणि घाटाच्या पायथ्याचं देऊळ म्हणजे चढाआधीचा थांबा. आठशे वर्षांपूर्वीही लोक इथे यायचे ते पुढे जाण्यासाठीच. मला हे ऐकून बरं वाटलं. मोल्याला नुसता रस्ता समजणारे फक्त आम्ही फोंड्याचे नाही.

कदंबांनंतर बऱ्याच काळाने पोर्तुगीज आले. 1878 साली इंग्रजांशी त्यांचा तह झाला, त्यातून मुरगाव बंदर ते घाटमाथा अशी रेल्वे ठरली. बदल्यात काही वर्षांसाठी गोव्याच्या मिठावरचा ताबा इंग्रजांकडे गेला. 1880च्या दशकात रूळ पडले. आणि आता आमची भाजी. गोव्यातल्या बाजारातला टोमॅटो, कोबी, गाजर, कोथिंबीर बहुतेक सगळी बेळगावहून येते, आणि तिच्यातली मोठी रास याच घाटाने उतरते. एखाद्या पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद पडला की फोंड्याच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी हातात धरून बायका भाव ऐकतात आणि परत ठेवतात. तेव्हा घाटाची आठवण येते, जंगलाची येत नाही.

दूधसागरला आम्ही मुद्दाम गेलो नाही. 310 मीटरवरून पडणारं पाणी बघण्यासारखं आहे यात शंका नाही, पण कुळ्याहून जीपमध्ये बसून, लाइफ जॅकेट घालून, रांगेत उभं राहून ते बघायला सायकल कशाला? रुळांवरून चालत जायला बंदी आहे, आणि असावी.

दुसरीकडे, अनमोडचा घाट, म्हणजे बेळगावला जाणारा हाच घाट, सायकलने चढायचाच, असं भाच्याचं ठरलेलं होतं. आम्ही तंबू कुळागरात ठेवून हलक्या सायकलींनी निघालो. चेकपोस्ट ओलांडला, जिथे आजवर मी चहा प्यायले होते ती टपरी मागे पडली आणि चढ सुरू झाला.

घाटात सायकलचा वेग चालण्याच्या दुप्पटही नसतो. या वेगात रस्ता म्हणजे काय ते कळतं. पहिल्यांदा वास. उतरणाऱ्या ट्रकांच्या तापलेल्या ब्रेकचा, डिझेलचा, आणि दोन ट्रकांच्या मध्ये, फुलावर आलेल्या कुठल्याशा रानवेलीचा. मग कडेचं गटार. पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, लहान मुलांचे डायपर. त्या पाकिटांपाशी माकडांचा कळप, गाडी मंदावली की हात पुढे. एका वळणावर डांबराला चिकटलेला साप, इतका सपाट की कुठला ते ओळखता आलं नाही. पुढे एक उदमांजर, ते मात्र रात्रीचंच असावं. मी या रस्त्याने एवढ्या वेळा गेले आणि एकही मेलेलं जनावर पाहिल्याचं आठवत नाही. साठच्या वेगात ती दिसतच नाहीत.

अर्ध्या घाटात मी दम खायला थांबले तिथे झाडांचे शेंडे रस्त्यावर एकमेकांना भेटत होते. पाणी पीत होते तेवढ्यात वरून साल पडली. पाहिलं तर शेकरू. तांबूस पाठ, पिवळसर पोट, अंगाएवढीच झुपकेदार शेपूट. डावीकडच्या फांदीवर ते क्षणभर पसरलं, पाच-सहा मीटरची उडी मारून उजवीकडच्या झाडावर गेलं आणि खालून ट्रक गेला. ट्रकला शेकरू कळलं नाही, शेकरूला ट्रकचं काही नव्हतं. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. त्याला फांदीला फांदी भिडलेली लागते. रस्ता दोन पदरी आहे तोवर झाडं हात पुढे करून एकमेकांना गाठतात. चार पदरी झाला की नाही गाठता येणार. चौपदरीकरणावर मी पानंच्या पानं वाचली होती, पण हा हिशेब मला तिथे, मान वर करून, पहिल्यांदा समजला.

2020 साली याच जंगलातून तीन कामं एकदम मंजूर होत होती. रेल्वेचा दुसरा मार्ग, महामार्गाचं चौपदरीकरण आणि 400 केव्हीची वीजवाहिनी. लॉकडाऊनचे दिवस. बैठका व्हिडिओवर, लोक घरात. तरी विद्यार्थी, चित्रकार, वकील, शास्त्रज्ञ, गावातली माणसं एकत्र आली. 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदरला, म्हणजे कदंबांच्या त्याच जुन्या राजधानीत, हजारो लोक रुळांपाशी जमून पहाटेपर्यंत बसले. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या दुसऱ्या मार्गाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. भाचा त्या वेळी अकरावी-बारावीत होता, त्याने भिंतीवर शेकरू रंगवलं होतं. आता तो सिव्हिलचा विद्यार्थी आहे, रस्त्यांची डिझाइनं शिकतो, आणि त्याचं मत तेवढं सरळ राहिलेलं नाही.

अनमोडला, घाटमाथ्यावरच्या टपरीवर, चहा येईपर्यंत त्याने मांडणी केली. वळणं कमी केली, पदर वाढवले, तर ट्रक मागे ट्रक अडकत नाही, ब्रेक तापत नाहीत, अपघात कमी. जनावरांसाठी खालून बोगदे, वरून झाडांचे पूल, सगळं करता येतं. पैसे लागतात.

"आणि वेळ किती वाचेल?" सर तासाभराने चालत येऊन नुकतेच टेकले होते.

"घाटात पाचेक मिनिटं तरी."

"ती बेळगावात पोचल्यावर कुठे खर्च करणार?"

भाच्याने जरा विचार केला. "तिथल्या दुसऱ्या रेल्वे फाटकावर अडकून, सर."

दोघेही हसले. मी हसले नाही. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री माझे वडील ॲम्ब्युलन्समध्ये होते आणि आम्ही हाच घाट चढत होतो. पुढे दोन ट्रक. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, ट्रकवाला बाजूला होऊ पाहत होता, पण बाजू नव्हती. वडील त्यातून वाचले. मात्र त्या रात्री त्या पाच मिनिटांसाठी मला कुणी विचारलं असतं तर मी दोन्ही बाजूंची सगळी झाडं देऊन टाकली असती, शेकरूसकट, आणि मागे वळून पाहिलं नसतं. हे मी त्यांना टपरीवर सांगितलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की ॲम्ब्युलन्सला बेळगाव गाठावं लागू नये अशी सोय धारबांदोड्यात केली तर ती रस्त्यापेक्षा स्वस्त पडेल की महाग, याचा हिशेब भाच्याने घरी गेल्यावर करून दाखवावा. निवृत्त झाले तरी ते गृहपाठ देतातच. भाच्याने तो अजून केलेला नाही. खरं तर मलाही त्याचं उत्तर पाहिजे आहे, कारण त्या टपरीवर माझ्या डोक्यात शेकरू आणि ती ॲम्ब्युलन्स अशी दोन्ही होती आणि दोघांनाही जागा देईल असा रस्ता मला दिसत नव्हता.

उतरताना बोलायची सोय नसते. चढायला जेवढा वेळ लागला त्याच्या पाव वेळात सगळं मागे जातं. हात ब्रेकवर, नजर खड्ड्यांवर. सरांनी उतारावर मात्र सायकल चालवली, आणि जोरात चालवली. ब्रेकची रबरं तापू नयेत म्हणून भाचा मधूनमधून थांबायला सांगत होता. एका वळणावर थांबलो तेव्हा खाली सगळं रान पसरलेलं दिसत होतं, पलीकडच्या डोंगरावर रेल्वेची रेघ, आणि कुठेतरी त्या हिरव्यात आमचे तंबू. गाडीतून जाताना याच वळणावर मी डोळे मिटलेले असायचे.

मोल्याच्या चेकपोस्टवर एका पोलिसाने आम्हाला अडवलं. कर्नाटकातून येणारं सगळं तो बघत होता, सायकलीही. माझ्या कॅरिअरवरची पिशवी त्याने बाहेरून चाचपली.

"बेळगांव गेल्लीं?"

"ना, अनमोडामेरेन."

"थंय कोण आसा?"

"कोण ना. च्या घेतली."

त्याने आमच्याकडे नीट पाहिलं, मग सरांच्या बिनगिअरच्या सायकलीकडे पाहिलं. "मागीर वयर कित्याक गेल्लीं?"

"सकयल देंवपाक," भाचा म्हणाला.

खाली उतरायला म्हणून वर गेलो होतो, हे उत्तर त्याने काही वहीत लिहून घेतलं नाही.